एकच धातू, निरनिराळे क्षार : जनावरांच्या औषधातील व खाद्यातील खनिजे

चांगली दुभती संकरित गाय व्यायल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत अकस्मात खाली बसते, उठविल्यास उठत नाही, तिचे कान व शिंगांची मुळे हातास थंड लागतात आणि ती मान वळवून कुशीवर टाकते. हा दुग्धज्वर होय. त्यास ज्वर म्हणतात खरे, परंतु या रोगात ताप नसतो. उलट अंग थंड पडत जाते. रक्तातील कॅल्शियम उतरल्यामुळे हे घडते, एवढी माहिती आता पुष्कळ पशुपालकांना झालेली आहे. म्हणून घरातील मंडळी हाताशी असलेले कॅल्शियम शोधू लागतात. कोणी चुनखडीची भुकटी पाण्यात कालवितो, कोणी खनिज मिश्रण गुळाच्या पाण्यातून पाजतो, तर कोणी दूध वाढावे म्हणून आणून ठेवलेली कॅल्शियमची बाटली गाईच्या तोंडात ओततो. या तिन्ही पदार्थांत कॅल्शियम असते, तरीही गाय उठत नाही. पुढे पशुवैद्य येतात, शिरेवाटे अर्ध्या लिटरहून कमी औषध सावकाश देतात आणि बहुधा तासा-दोन तासांत गाय उभी राहून रवंथ करू लागते.

पशुवैद्यांच्या त्या बाटलीत कॅल्शियम अधिक असते, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटच्या ४५० मिलिलिटर द्रावणात प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे ८ ते ९ ग्रॅमच असते. शुद्ध चुनखडीत शेकडा ४० भाग कॅल्शियम असल्यामुळे तेवढे कॅल्शियम २०-२५ ग्रॅम चुनखडीतच मिळते. तेव्हा प्रश्न कॅल्शियमच्या मात्रेचा नसून ते कोणत्या क्षाराच्या रूपाने आहे आणि कोणत्या वाटेने शरीरात जाते, याचा आहे.

क्षार म्हणजे जोडी

धातू जनावराला सुट्या स्वरूपात कधीच दिला जात नाही. तो दुसऱ्या एखाद्या घटकाशी जोडलेला असतो आणि त्या जोडीला क्षार म्हणतात. जोडीदार बदलला की क्षार पाण्यात विरघळेल की नाही, आतड्यातून शोषला जाईल की नाही, कातडीला व मांसाला जाळील की नाही, हे सर्व बदलते.

द्राक्ष व संत्रा बागाईतदारांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. मोरचूद म्हणजे तांब्याचा गंधकाम्लाशी झालेला क्षार. नुसते मोरचुदाचे पाणी पानांवर फवारले तर पाने करपतात. त्याच मोरचुदात चुन्याची निवळी योग्य प्रमाणात मिसळली, म्हणजे १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना घेतला, की एक टक्का बोर्डो मिश्रण तयार होते आणि तेच तांबे आता पान न जाळता बुरशीपासून त्याचे रक्षण करते. तांब्याचे वजन दोन्ही वेळी सारखेच होते. बदलला तो त्याचा जोडीदार. जनावराच्या शरीरातही असेच घडते, फक्त तेथे करपलेले पान दिसत नाही.

कॅल्शियमचे क्षार

गोठ्यात येणाऱ्या क्षारांपैकी कॅल्शियमच्या क्षारांविषयी सर्वांत अधिक गोंधळ आहे.

चुनखडी व शिंपल्यांची भुकटी हे कॅल्शियम कार्बोनेट आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चौथ्या कोठ्यातील आम्लामुळे ते हळूहळू फुटते व त्यातील काही भाग आतड्यातून शोषला जातो. स्वस्त, निरुपद्रवी आणि रोजच्या पुरवठ्यास योग्य असा हा क्षार आहे. तातडीच्या वेळी मात्र त्याचा उपयोग नाही. डायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये कॅल्शियमबरोबर स्फुरदही मिळते. खनिज मिश्रणाचा कणा म्हणजे हाच क्षार. तोही पाण्यात अगदी अल्प विरघळतो, म्हणून त्याचे इंजेक्शन होऊ शकत नाही.

कॅल्शियम क्लोराइड सहज विरघळते व झपाट्याने शोषले जाते. परंतु तो दाहक आहे. शिरेबाहेर थोडासा जरी सांडला तरी तेथील मांस सडून गळून पडते आणि तोंडावाटे उघडा दिल्यास घसा व अन्ननलिका पोळते. म्हणून दाह न करणारा, तरीही विरघळणारा असा क्षार शोधणे भाग पडले. ग्लुकोनेट हा तसा क्षार होय. मात्र तो पाण्यात फार थोडा मावतो. त्यात बोरिक आम्ल मिसळल्यास तो भरपूर विरघळतो, असे आढळून आले आणि त्यातून बोरोग्लुकोनेट हा आजचा प्रचलित क्षार आला. त्यात कॅल्शियमचे प्रमाण शेकडा आठाच्या आसपास, म्हणजे चुनखडीच्या एक-पंचमांश असते. परंतु ते सर्वच्या सर्व रक्तात तात्काळ कामास येते.

याचा मागील इतिहासही बोधप्रद आहे. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील कोल्डिंग गावचे पशुवैद्य श्मिट यांनी दुग्धज्वर झालेल्या गाईंच्या कासेत सडावाटे पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण भरून पाहिले आणि मरणाऱ्या गाईंची संख्या एकदम घटली. कासेत काही विष असावे व आयोडाइडने त्याचा नाश होत असावा, असा त्यांचा कयास होता. थोड्याच वर्षांत असे दिसून आले, की औषधाऐवजी नुसती हवा भरली तरी गाय बरी होते. म्हणजे गुण त्या क्षाराचा नव्हताच. कास फुगल्यामुळे दूध तयार होणे थांबत होते व रक्तातील कॅल्शियम दुधात जाण्याचे बंद होत होते. ही संगती १९२५ मध्ये ड्रायर व ग्रेग या स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञांनी रक्तातील कॅल्शियम घटण्याची कल्पना मांडल्यावर लागली. तोपर्यंत जगभर हवा भरण्याची पद्धत चालू होती आणि तिच्यामुळे गाई वाचत होत्या हे खरे. परंतु सडावाटे कासदाहाचे जंतू आत जाण्याचा धोका मोठा असल्यामुळे आज कोणीही तिचा अवलंब करू नये.

हिशेब मांडून पाहिल्यास या रोगाचा झपाटा लक्षात येतो. गाईच्या रक्तरसात दर १०० मिलिलिटरमागे साधारणतः ९ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सर्व रक्तरस मिळून ते सुमारे ३ ग्रॅम भरते. उलट एक लिटर चिकात २ ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. म्हणजे पहिल्याच दिवशी १० लिटर चीक देणारी गाय आपल्या रक्तातील एकूण कॅल्शियमच्या सहा-सात पट कॅल्शियम कासेवाटे बाहेर टाकते. हाडांतून व आतड्यातून ही भरपाई वेळेवर झाली नाही, तर रक्तातील प्रमाण ५ मिलिग्रॅमच्या आसपास येते आणि गाय बसते. तिसऱ्या वेतापासून पुढे व विशेषतः जर्सी रक्ताच्या गाईंमध्ये हे अधिक आढळते. खिल्लार किंवा डांगी गाय वासरापुरते दूध देते, तिला हा रोग क्वचितच होतो.

बसलेल्या गाईला तोंडावाटे काहीही पाजू नये. कॅल्शियम घटल्यामुळे तिच्या पायांचेच नव्हे, तर गिळण्याचे स्नायूही शिथिल झालेले असतात. बांबूच्या नळीने किंवा बाटलीने ओतलेले औषध अशा वेळी पोटात न जाता श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते. दुग्धज्वरातून वाचलेली गाय चार-पाच दिवसांनी फुप्फुसदाहाने दगावते आणि दोष मात्र इंजेक्शनला दिला जातो. पशुवैद्य येईपर्यंत गाईला पोत्यांच्या वा गवताच्या आधाराने छातीवर बसती ठेवावी, एका कुशीवर आडवी पडू देऊ नये, म्हणजे पोट फुगणार नाही. याहून अधिक काही करण्याची आवश्यकता नाही.

शिरेवाटे कॅल्शियम देणे हे काम पशुवैद्याचेच आहे. द्रावण अंगाच्या ऊबेइतके कोमट करून, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून ते सावकाश द्यावे लागते. भरभर दिल्यास हृदय बंद पडते. जो क्षार गाईला उठवितो तोच दोन मिनिटांत तिला मारूही शकतो, हे गावातील हौशी इंजेक्शनवाल्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

गाय उभी राहून नीट गिळू लागल्यानंतर मात्र तोंडावाटे द्यावयाच्या कॅल्शियमला स्थान आहे, कारण बऱ्या झालेल्या गाईंपैकी काही एक-दोन दिवसांत पुन्हा बसतात. ते कोणत्या क्षाराचे, किती व किती वेळा द्यावे, हे पशुवैद्यांनी सांगावे.

भाकड काळातील उलटा नियम

पुढे दुग्धज्वर होऊ नये म्हणून गाभण गाईला शेवटच्या महिन्यात कॅल्शियमच्या बाटल्या पाजण्याची प्रथा दूधगंगेपासून प्रवरेपर्यंत सर्व दुधाच्या पट्ट्यात दिसते. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बोडा व कोल यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले, की व्यायण्यापूर्वी कमी कॅल्शियमचा आहार मिळालेल्या गाईंना दुग्धज्वर होण्याचे टळते. कारण असे, की आयते कॅल्शियम मुबलक मिळत राहिले म्हणजे हाडांतून ते काढून आणणारी शरीरातील यंत्रणा सुस्त होते आणि व्यायल्यावर एकाएकी मागणी वाढली की तिला जागे होण्यास दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात गाय बसते. म्हणून अधिक दूध देणाऱ्या गाईस व्यायण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमची बाटली देऊ नये व लसूणघासही हात राखून घालावा. व्यायल्याबरोबर मात्र कॅल्शियम सुरू करावे.

याच संदर्भात १९६० च्या दशकात नॉर्वेतील संशोधकांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. गाईच्या आहारात क्लोराइड व सल्फेट यांचे प्रमाण वाढविले, तर रक्त किंचित आम्लाकडे झुकते आणि हाडे अधिक सहजपणे कॅल्शियम सोडतात. त्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट, अमोनियम क्लोराइड, किंबहुना कॅल्शियम क्लोराइडसुद्धा वापरतात. येथे काम धातूचे नसून त्याच्या जोडीदाराचे असते. हे क्षार कडवट असून त्यांनी गाईचे खाणे कमी होते, शिवाय ते व्यायल्याबरोबर बंद करावे लागतात. म्हणून मोठ्या गोठ्यांतूनही ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावेत.

रोजचा पुरवठा

औषध हे एका वेळेसाठी असते, पुरवठा वर्षभरासाठी. दहा लिटर दुधातून गाय रोज सुमारे १२ ग्रॅम कॅल्शियम देते. म्हशीचे दूध असल्यास त्याहूनही बरेच अधिक. भारतीय मानक आयएस १६६४ च्या २००२ च्या आवृत्तीप्रमाणे मीठविरहित खनिज मिश्रणात कॅल्शियम निदान २० टक्के व स्फुरद निदान १२ टक्के असावे लागते. म्हणजे रोज ५० ग्रॅम मिश्रणातून १० ग्रॅम कॅल्शियम व ६ ग्रॅम स्फुरद मिळते. बाकीचे चाऱ्यातून यावयाचे असते.

चाऱ्याची बाजू महाराष्ट्रात भागाभागाने निराळी आहे. पश्चिम महाराष्ट्रात गळिताच्या हंगामात जनावरे महिनोन् महिने उसाच्या वाढ्यांवर असतात. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते पोटात कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा क्षार बनविते आणि तो शेणावाटे निघून जातो. वाढे खाणाऱ्या जनावराला कॅल्शियम मिळत नाही एवढेच नव्हे, तर खाल्लेले कॅल्शियमही वाया जाते. कोकणात भाताच्या पेंढ्याने असेच होते. शिवाय त्यात स्फुरद फारच कमी असते. अशा ठिकाणी वाढ्यांबरोबर कडबा किंवा द्विदल चारा द्यावा आणि खनिज मिश्रण रोज आंबोणातून घालावे. आठवड्यातून एकदा मूठभर मिश्रण घालून हिशेब पुरा होत नाही.

स्फुरद आणि लाल लघवी

गोठ्यातील भिंत चाटणे, चिंध्या, चामडे व हाडे चघळणे हे बहुधा स्फुरदाच्या उणिवेचे लक्षण असते. ते केवळ वाईट खोड म्हणून सोडून देऊ नये. दक्षिण आफ्रिकेत १९२० च्या सुमारास थायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले, की स्फुरदाच्या भुकेने कुजलेली हाडे चघळणारी गुरे त्या हाडांतील जंतुविषाने लुळी पडून मरतात. तेथे गुरांना हाडांचे चूर्ण चारताच हा रोग आटोक्यात आला. आता ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखल्या गेलेल्या गाईंच्या मेंदूच्या रोगाच्या अनुभवानंतर हाडांच्या चूर्णाऐवजी खनिजापासून केलेले डायकॅल्शियम फॉस्फेट वापरणे सुरक्षित ठरते.

या पुरवठ्यात दीर्घकाळ उणीव राहिल्यास म्हशीला व्यायल्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या आत कॉफीच्या रंगाची लाल लघवी होऊ शकते. स्फुरदाअभावी रक्तातील तांबड्या पेशी दुबळ्या होऊन फुटतात व त्यांचा रंग लघवीत उतरतो. येथे डायकॅल्शियम फॉस्फेट चारण्यास वेळ उरलेला नसतो. पाण्यात पूर्ण विरघळणारे सोडियम अ‍ॅसिड फॉस्फेट पशुवैद्य शिरेवाटे देतात. त्यात कॅल्शियम नाही, तसेच दुग्धज्वराच्या साध्या बोरोग्लुकोनेटमध्ये स्फुरद नाही. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. गोचीडतापानेही, विशेषतः संकरित गाईंत, लघवी लाल होते आणि त्यात स्फुरदाचा काही उपयोग होत नाही. म्हणून रक्ततपासणी आधी व्हावी.

शेतकऱ्याच्या घरी स्फुरदाचे आणखी एक पोते असते, ते सुपर फॉस्फेटचे. ते खत आहे, खाद्य नव्हे. ज्या खडकापासून हे खत करतात त्यात फ्लोरीन शेकडा ३ ते ४ भाग असते व त्याचा काही अंश खतात राहतो. जनावरांच्या खनिज मिश्रणात मात्र मानकाप्रमाणे फ्लोरीन ०.०७ टक्क्यांहून अधिक चालत नाही. खत किंवा कच्च्या खडकाची भुकटी चारल्यास दातांवर डाग पडतात, दात झिजतात, सांधे आखडतात आणि बैल दोन-तीन वर्षांत निकामी होतो. झालेली हानी भरून येत नाही.

मॅग्नेशियम, तांबे, लोह

मॅग्नेशियमच्या क्षारांतील फरक थोडक्यात सांगता येतो. ऑक्साइड हे खाद्यात रोज थोडे देण्याचे. त्यात धातू शेकडा ६० भाग असतो. सल्फेट म्हणजे जुलाबाचे विलायती मीठ. त्यात धातू दहाच भाग. ते आतड्यातून फार थोडे शोषले जाते, उलट पाणी आतड्यात खेचून घेते, म्हणूनच जुलाब होतो. ज्या गुरास आधीच हगवण आहे किंवा ज्याचे अंग पाण्यावाचून सुकले आहे, त्यास हे पाजणे घातक होय. हेच मीठ शिरेत वेगाने गेल्यास मज्जा व हृदय दोन्ही थंडावतात.

तांब्याच्या बाबतीत गाय व मेंढी यांच्यात मोठा भेद आहे. गाईसाठी केलेल्या खनिज मिश्रणात मोरचूद असते आणि ते गाईस आवश्यक आहे. मेंढीच्या यकृतात तांबे साठत राहते. कित्येक महिने काही दिसत नाही आणि मग एके दिवशी ते सर्व रक्तात उतरून कावीळ होते, लघवी लाल-काळी होते व मेंढी दोन-तीन दिवसांत मरते. म्हणून गाईचे खनिज मिश्रण किंवा चाटण-वीट मेंढ्यांना देऊ नये. नाशिक, सांगलीकडे बोर्डो मिश्रण फवारलेल्या द्राक्षबागांतील गवतावर कळप बसविण्यापूर्वी धनगरांनी फवारणीची चौकशी करावी आणि बागाईतदारानेही ती आपण होऊन सांगावी. पायाच्या खुरांसाठी केलेले मोरचुदाचे पाणी गुरांच्या पिण्यात येणार नाही, अशी व्यवस्था हवी.

लोहाचे उदाहरण कोकणातील जांभ्या मातीपेक्षा चांगले मिळणार नाही. ती माती लाल दिसते ती लोहाच्या ऑक्साइडमुळेच. पण ते लोह विरघळत नाही, म्हणून त्या मातीवर वाढणाऱ्यांनाही रक्तक्षय होतो आणि गेरू वा काव चारून तो जात नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळतो व शोषला जातो. डुकराच्या पिलांना लोह आईच्या दुधातून पुरेसे मिळत नाही. त्यांना जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोह-डेक्स्ट्रानचे इंजेक्शन देतात. हिराकसाचे इंजेक्शन कधीही देत नाहीत.

आरोग्य उपकेंद्रातून गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांतही बहुधा फेरस क्षारच असतो आणि एका गोळीत प्रत्यक्ष लोह ६० मिलिग्रॅम असते. गोळीवर क्षाराचे वजन लिहिलेले आहे की लोहाचे, हे पाहिल्याशिवाय दोन गोळ्यांची तुलना करू नये. या गोळ्या रंगीत असतात व लहान मूल त्या गोळ्या-बिस्किटांसारख्या खाऊन टाकते. मोठ्यांचे औषध असलेल्या थोड्याशा गोळ्यांनी लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. त्या उंच फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवाव्यात आणि मुलाने खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी त्याला लगेच दवाखान्यात न्यावे.

आयोडीनचाही एक विशेष सांगण्यासारखा आहे. जिभेला गाठी येऊन ती लाकडासारखी कडक होण्याच्या रोगात पशुवैद्य सोडियम आयोडाइड शिरेवाटे देतात. स्वयंपाकाच्या मिठात मात्र आपल्याकडे पोटॅशियम आयोडेट घालतात, कारण दमट हवेत आयोडाइड उडून जाते व आयोडेट टिकते. तरीसुद्धा मिठाचा डबा चुलीजवळ उघडा ठेवू नये.

तीन प्रती, एक रंग

एकच क्षार बाजारात तीन प्रतींत मिळतो. औषधी प्रत भारतीय औषधकोशाप्रमाणे, खाद्य प्रत भारतीय मानकाप्रमाणे आणि खत प्रत १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे तयार होते. झिंक सल्फेट हे याचे ठळक उदाहरण होय. मुलांच्या हगवणीत जलसंजीवनीबरोबर दिली जाणारी जस्ताची गोळी, खनिज मिश्रणातील जस्त आणि भाताच्या वा मक्याच्या शेतात टाकावयाचे पोते या तिन्हींत हाच क्षार असू शकतो. मुलास सहा महिन्यांपर्यंत रोज १० व पुढे २० मिलिग्रॅम जस्त १४ दिवस देतात. खतात शिसे किंवा कॅडमियम यांचा अंश राहण्याचा संभव असतो; पिकास तो चालवून घेतला जातो, दुभत्या जनावरास व मुलास नव्हे. ‘क्षार एकच, मग खताचे स्वस्त का वापरू नये’ असा प्रश्न कोणी विचारल्यास हे उत्तर द्यावे.

दुसरा धोका नजरचुकीचा. झिंक सल्फेट व मॅग्नेशियम सल्फेट यांचे खडे दिसण्यात इतके सारखे असतात, की महाग झिंकमध्ये स्वस्त मॅग्नेशियम मिसळून विकण्याचे प्रकार घडतात. प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने ही भेसळ ओळखतात. झिंकचा पांढरा साका जास्त सोडा घातल्यावर विरघळतो, मॅग्नेशियमचा विरघळत नाही. ज्यांची डोळ्यांनी पारख होत नाही ते खडे गोठ्यात जुलाबासाठी वापरावेत, हे उघडच चुकीचे आहे. जुन्या घरगुती औषधांतील सोरा हाही पांढराच असतो. लघवी साफ होण्यासाठी तो गुरांना पाजीत असत. तो नायट्रेट असल्यामुळे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, रक्त तपकिरी पडते आणि जनावर श्वास कोंडून मरते.

सर्वांत अधिक जनावरे मात्र युरियाने दगावतात. युरिया हा खनिज क्षार नव्हे, परंतु दाणेदार व पांढरा असल्यामुळे अंधाऱ्या गोठ्यात तो मीठ समजून आंबोणात पडतो. रिकाम्या पोत्यात कोंडा भरला, खत कालविलेल्या बादलीत पाणी पाजले, तरीही विषबाधा होते. अर्ध्या-एक तासात अंग थरथरू लागते, तोंडास फेस येतो व पोट फुगते. पशुवैद्यांना बोलावणे धाडून, जनावर उभे असेल व गिळत असेल तरच, त्यास भरपूर थंड पाण्यातून व्हिनेगर पाजावे. खते निराळ्या खोलीत, मूळ पोत्यातच ठेवावीत. मीठ व खनिज मिश्रण झाकणाच्या डब्यात ठेवून त्यावर रंगाने ठळक नाव लिहावे. जनावर आजारी पडून पशुवैद्य आल्यास त्यास काय काय चारले होते ते सांगावे व शक्य असल्यास त्या पुड्याची किंवा बाटलीची चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवावी. त्यावर क्षाराचे पूर्ण नाव असते.